उजवा हात पुढे कर

विश्रांतवाडी, पुणे
१८ नोव्हेंबर २०२४

ती. वन्सं यांस,
कौशल्याचा सा. न. वि. वि.

तुमच्या कानाचं यंत्र पुन्हा कपाटात गेल्याचं मागच्या पत्रात वाचलं. म्हणजे फोनचा काही उपयोग नाही. मी इथून ओरडणार आणि तुम्ही तिकडून बरं बरं म्हणणार. आज जे सांगायचं आहे ते बरं बरं म्हणण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

प्रियदर्शनीला राष्ट्रीय स्पर्धेतून परत पाठवलं. हरली असती तर मी एवढा कागद खर्ची घातला नसता. तिला धावूच दिलं नाही.

तुम्हाला यातलं माहीत नाही म्हणून सांगते. दिव्यांगांच्या स्पर्धेत धावण्याआधी तपासणी होते. तीन माणसांचं पॅनेल असतं. कुणाचा हात, कुणाचा पाय किती चालतो ते बघून ते गट पाडतात, म्हणजे सारख्याबरोबर सारखा धावतो. यात चुकीचं काही नाही. राज्याच्या स्पर्धेत तिला सदतीस नंबरचा गट मिळाला होता. शरीराच्या एका बाजूला सेरेब्रल पाल्सी असणाऱ्यांचा तो गट. त्यात ती शंभर मीटरला दोन वर्षं पहिली आली. राष्ट्रीयला पॅनेल दुसरं. त्यांनी तिला पलंगावर निजवलं, हातपाय वाकवून पाहिले, चालवलं, धावायला लावलं आणि पंचवीस मिनिटांत कागद हातात दिला. पात्र नाही. म्हणजे त्यांच्या मते ती पुरेशी अपंग नाही.

वन्सं, वीस वर्षं या मुलीला लंगडी म्हणायला कुणाला पॅनेल लागलं नाही. शाळेच्या गॅदरिंगला नाचात घेतलं नाही तेव्हा पॅनेल नव्हतं. कंपनीतल्या मुलाखतीच्या बाईंनी तिच्या उजव्या हाताकडे बघून पाणी हवंय का विचारलं आणि घरी पाठवलं, तेव्हाही पॅनेल नव्हतं. पोरगी धावते म्हणाली तेव्हाच तीन माणसं टेबलामागे बसली आणि म्हणाली, हिला काही झालेलं नाही.

हे असताना यांनी सरकारी दवाखान्यातून करून घेतलेलं बेचाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र मी दाखवलं. ते एस.टी.च्या सवलतीला चालतं, इथं नाही, असं उत्तर मिळालं.

तयारीत आम्ही काही कमी ठेवलं नव्हतं. मी सोबत गेले होते. तपासणी सकाळी अकराला. मी सकाळीच तिळाचं तेल कोमट केलं, गरम पाण्याची पिशवी घेतली आणि खांद्यापासून बोटांपर्यंत तासभर चोळून दिलं. बोटं एकेक करून उघडली. पोटरी मऊ केली. मोठ्या डॉक्टरांपुढे जायचं तर पोरीनं नीट दिसायला नको का? निघताना सांगितलं, ताठ उभी राहा, पाय ओढू नकोस. आत मला सोडलं नाही, संघाबरोबरचा एक माणूस गेला.

आता दुसऱ्या पॅनेलपुढे एकदाच संधी आहे, १२ जानेवारीला, पुढच्या स्पर्धेच्या आधी. तिथंही नाही म्हणाले तर कायमचं नाही. त्यांना लहानपणापासूनचे कागद हवेत. ही आठव्या महिन्यात झाली, काचेच्या पेटीत ठेवली होती, दीड वर्षाची असताना डॉक्टरांनी मेंदूचं निदान लिहून दिलं, ते सगळे कागद. पुण्याला येताना यांनी ते तुमच्या लोखंडी पेटीत ठेवले होते. कृपा करून रजिस्टर पोस्टानं पाठवा.

घरमालकीण सरुबाईंना जिन्यातच बातमी कळली. पोरगी धडधाकट हाय म्हनत्यात डाक्तर, मग पेढं वाटा की, असं म्हणाल्या. मी म्हटलं, वाटते, आधी तुमच्या डाक्तरांचा पत्ता द्या.

पिकोचं मशीन चालू ठेवून लिहिते आहे, ओळी वाकड्या झाल्या असतील तर सांभाळून घ्या. लोभ आहे म्हणूनच मागते.

आपली,
कौशल्या


अंबाजोगाई
२५ नोव्हेंबर २०२४

गं. भा. कौशल्या हिस,
तुळजाबाईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर सुधारलं आहे, राग होता तसाच आहे.

तू कशावर चिडलीस ते मला दोनदा वाचूनही कळलं नाही. तीन शिकलेल्या डॉक्टरांनी आपल्या मुलीला काही झालेलं नाही असं लेखी दिलं, आणि तू त्यांच्याशी भांडायला निघालीस! हे ऐकायला आपण बावीस वर्षं थांबलो होतो. तो कागद जपून ठेव आणि त्याची एक झेरॉक्स मला पाठव.

कशाला म्हणशील तर, लातूरचं एक स्थळ आहे. मुलाचं नाव विक्रम, सहकारी बँकेत नोकरी, स्वभावानं गरीब. त्याची आई माझ्याबरोबर शाळेत होती. मी सांगितलं आहे की मुलगी लहानपणी पडली होती, त्यामुळे थंडीत पाय थोडा आखडतो. आता डॉक्टरांचा कागदच आला म्हटल्यावर माझं बोलणंही खोटं ठरायचं नाही. पळणं आता पुरे झालं. पळून पळून पोरगी जाणार कुठं आहे?

आणि तिचा हात आज मोठ्या डॉक्टरांपुढे सरळ राहिला, तो कुणाच्या कष्टानं, याचाही विचार कर. पहिली-दुसरीची दोन वर्षं माझ्याच वर्गात मी तिचा डावा हात रुमालानं बाकाला बांधून ठेवत होते. देवळातला तीर्थप्रसाद असो, हळदीकुंकवाचं वाण असो, उजवा हात पुढे कर हे मी तिला दिवसातून शंभर वेळा म्हटलं आहे. तू स्वयंपाकघरात रडायचीस. मी तिकडे लक्ष दिलं नाही, आणि त्या काळी मला चांगलं ऐकू येत होतं.

बारशाला तिच्या कानात नाव मी घेतलं आहे. तिचं वाईट व्हावं असं मला वाटेल का?

कागदांचं म्हणशील तर पेटीला मागे वाळवी लागली होती. बघते. इतक्या जुन्या कागदांत असतं काय?

थंडी पडली आहे, छाती जप. मुलीला आशीर्वाद. ममता आहे, ती तुझ्या रागाला पुरून उरेल एवढी आहे.

तुळजाबाई


विश्रांतवाडी
२ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
प्रियदर्शनीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी डाव्या हातानं लिहिते आहे. अक्षर बघ, काय मस्त आलंय. तुझं रुमालाचं ट्रेनिंग वाया गेलं, सॉरी.

लातूरच्या विक्रमला माझा नमस्कार कळव. मी लहानपणी पडले होते असं त्यांना सांगितलंस, तर नक्की कुठून पडले तेही ठरवून कळव. झाडावरून की जिन्यावरून? म्हणजे आपलं दोघींचं एकच राहील.

आई तुला सांगणार नाही, कारण तिला अजून ते स्वतःशीच नीट बोलता आलेलं नाही. म्हणून मी सांगते, त्या खोलीत काय झालं ते.

टेबलामागे एक मॅडम होत्या. पांढरे केस, चष्मा साखळीला. सेम तुझ्यासारख्या. त्यांनी इंग्रजीत उजवा हात दाखव म्हटलं. आणि आत्या, मी हात पुढे केला. डावा खाली ओंजळीसारखा, उजवा त्यावर. प्रसाद घेतो ना, तसा. बोटं सरळ. डाव्या अंगठ्यानं उजवी बोटं मागून धरून ठेवली होती, समोरच्याला दिसणार नाही अशी. मी हे मुद्दाम केलं नाही. मला कळलंसुद्धा नाही. नंतर चालून दाखव म्हणाले तर मी पाहुण्यांपुढे चालते तशी चालले, लहान पावलं, टाच टेकवत. धावून दाखव म्हणाले तर हळू धावले, छान दिसावं म्हणून. वर आईनं सकाळी तासभर तेल लावलेलं. हात असा लोण्यासारखा! त्या मॅडमनी कोपर दोनदा वाकवून पाहिलं, मान हलवली आणि लिहिलं.

बाहेर आल्यावर आमच्या कोच श्रीनिवास सरांनी आईला विचारलं, सकाळपासून काय काय केलं ते सांगा. तेल आणि गरम पिशवी ऐकल्यावर ते डोकं धरून पायरीवर बसले. म्हणाले, आखडलेपणा हीच तर तपासणी असते, ताई, आणि तुम्ही तोच उतरवून पाठवलात. आई बसमध्ये पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होती.

आता लोचा असा आहे. दुसऱ्या पॅनेलपुढे हात आखडलेला दिसला की ते म्हणतील, पहिल्या वेळी सरळ होता, आता नाटक करते. मुद्दाम खोटं दाखवणं हा नियमात गुन्हा आहे, त्याला बंदी आहे. आणि पहिल्यासारखंच केलं तर कायमची बाहेर. म्हणून जुने कागद हवेत. मी जन्मापासून अशी आहे एवढंच त्यांत दिसलं की पुरे.

तू विचारलंस, पळून जाणार कुठं. शंभर मीटर जाणार. आत्ता पंधरा पॉइंट चार सेकंद लागतात, मला पंधराच्या आत यायचं आहे. चांगल्या हातापायांच्या मुलींबरोबर मी कॉलेजात धावले होते. शेवटची आले. टाळ्या मात्र सगळ्यात जास्त मला. आत्या, त्या टाळ्या थांबायच्या आत मी मैदानाबाहेर निघून गेले होते. मला माझ्या गटात धावायचंय, जिथं हरले तर कुणी टाळ्या वाजवणार नाही.

कागद शोध ना. वाळवी सगळंच खात नसेल.

तुझीच लाडकी (असेन तर),
प्रियदर्शनी


विश्रांतवाडी
६ डिसेंबर २०२४

ती. वन्सं यांस,
कौशल्याचा न. वि. वि.

या वेळी साष्टांग घातला नाही. पाठ दुखते म्हणून नव्हे.

प्रियानं तुम्हाला सगळं लिहिलं असं तिनं मला आज सांगितलं. बरं झालं. आता मी माझ्या तोंडानं सांगते. मुलीला पॅनेलनं नाही, मी बाद केलं. मी आणि तुम्ही.

नियमांचं पुस्तक सरांकडून आणलं आहे. इंग्रजीत आहे. तुम्हाला माहीत आहे, मी चौथीपर्यंत शिकले आणि पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर आणि नंतर वाचनालयाच्या पुस्तकांवर झालं. प्रियाची शाळेतली डिक्शनरी घेऊन दुकान बंद झाल्यावर रोज दोन पानं वाचते. सबंध पुस्तकात एकही ओळ अशी नाही की एखाद्या घरात मुलीला तिचा हात लपवायला शिकवतात. कमी असताना जास्त दाखवणाऱ्यांचा विचार त्यांनी पानंच्या पानं केला आहे. असताना नाही दाखवणारी माणसं जगात असतात हे त्या पुस्तकाला माहीतच नाही. त्याचा मला राग आला. मग वाटलं, त्यांना कसं माहीत असेल? हे आपल्या स्वयंपाकघरात चालतं, दार लावून.

हे मला नेहमी सांगायचे, तिचा हात तिचा आहे, त्याला शिस्त लावू नका. मी त्यांना गप्प बसवत होते. मी म्हणायचे, तुम्हाला काय, तुम्ही सकाळी गोदामात जाता, लोकांची तोंडं मला बघायची असतात. तिला पहिल्यांदा मैदानावर यांनीच नेलं. ती धावताना उजवा हात छातीशी घेते, तो कसा दिसतो असं मी विचारलं, तर म्हणाले, मी तिच्या पायांकडे बघत होतो. हे गेले त्याला साडेतीन वर्षं झाली. जेवायला बसताना रोज एक पाट जास्त घेतला जातो आणि मी तो उचलून ठेवते. त्याबद्दल मी कधी कुणाकडे तक्रार केली नाही. पण त्यांचं हे एक म्हणणं मी ऐकलं नाही, ते आता कुणाला सांगू?

आज नववा दिवस, तेल बंद आहे. सरांनी सांगितलं, नुसता सराव करू दे, हात जसा राहतो तसा राहू दे. संध्याकाळपर्यंत मूठ वळते, मनगट आत जातं. ती कण्हत नाही, पण भाकरी मोडताना ओठ चावते. वीस वर्षं ज्या वेळेला मी तिचा हात मांडीवर घेत होते, त्या वेळेला आता मी हात बांधून बसते. हे कुठल्या पॅनेलनं आईला सांगावं, वन्सं?

स्थळाबद्दल. नाही. त्या बाईंना खरं कळवा, नाहीतर मी कळवीन.

आणि एक. पाकिटावर तुम्ही गं. भा. लिहिता. पोस्टमन ते जिन्यात मोठ्यानं वाचतो. माझा नवरा गेला ते नावाच्या आधी दोन अक्षरांत गावाला सांगायचं, आणि मुलीचा हात जन्मापासून असा आहे ते मात्र पेटीत घालून ठेवायचं, ही कुठली रीत? सांगायचं तर दोन्ही सांगा.

पेटी उघडा. वाळवीनं अर्धं खाल्लं असेल तर अर्धं पाठवा. सोबत, तुम्ही मुलीला कसं शिकवलं ते तुमच्या हातानं लिहून सही करून द्या. माझं मी लिहिलं आहे, साडेतीन पानं. सर इंग्रजी करून देणार आहेत.

लोभ तुम्ही ठेवाल तेवढा. मला आत्ता कागद हवे आहेत.

कौशल्या


अंबाजोगाई
१३ डिसेंबर २०२४

चि. कौशल्या हिस,
आशीर्वाद. वि. वि.

कागद नाहीत. पेटीला वाळवी कधीच लागली नव्हती.

प्रियदर्शनी तेरा वर्षांची असताना मी ते बंबात घातले. त्या दिवशी घरी पाहुणे यायचे होते, माझी सून पेटीत काही शोधत होती, आणि तिच्या हाताला ते लागले. तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मला वाटलं, एवढे कागद आपल्या मुलीच्या आयुष्यातून गेले की झालं. अंघोळीचं पाणी तापलं, एवढाच त्यांचा उपयोग झाला.

पुढे वैजनाथ मुलीचं प्रमाणपत्र करायचं म्हणून कागद मागायला आला होता. त्यालाही मी वाळवीच सांगितली. तो बंबाजवळ उभा होता. त्यानं एकदा बंबाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि चहा घेऊन निघून गेला. त्यानंतर दिवाळी, भाऊबीज काही झालं तरी तो वर्षभर आला नाही. तू मला फोन करून विचारलं होतंस, यांचं काही बिनसलं का. मी म्हटलं, कामात असेल. त्यानं तुला सांगितलं नाही, म्हणजे त्यानं मला शेवटपर्यंत सांभाळलं. मी त्याला काय दिलं, ते तुला आता कळलं.

तुझं पत्र आल्यावर दवाखान्यात जाऊन आले. वीस वर्षांपूर्वीची नोंद सापडणं कठीण, असं तिथला माणूस म्हणाला. मग शाळेत गेले. मुख्याध्यापिका आता निशा आहे, माझीच विद्यार्थिनी. जुनी निकालपत्रकं माळ्यावर होती. तिनं शिपायाला चढवलं. प्रियदर्शनीच्या पहिलीच्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: उजव्या हाताने पेन्सिल धरता येत नाही, उजवा पाय ओढते, डावा हात बांधून सराव चालू आहे.

कौशल्या, हे मी अभिमानानं लिहिलं होतं. खाली रेघ मारलेली आहे.

निशानं ते वाचलं, मला खुर्ची दिली आणि मग पुष्कळ वेळ शिक्का शोधत राहिली. शिक्का टेबलावरच होता. खोलीत दोन तरुण शिक्षिका होत्या. त्यांना वाचता येत होतं. चौतीस वर्षं मी त्या शाळेत मान वर करून चालले, परवा चप्पल शोधताना मला ती सापडेना.

पानाची शिक्क्याची प्रत सोबत आहे. माझं निवेदनही आहे. त्यात रुमाल आहे, बाक आहे, तीर्थप्रसाद आहे आणि बंबही आहे. काही सुशोभित केलेलं नाही. सही पूर्ण नावानं केली आहे. पॅनेलला आणखी काही विचारायचं असेल तर मी यंत्र कानात घालून येईन.

लातूरला खरं कळवलं. उत्तर आलेलं नाही. येईल असं वाटत नाही, आणि त्याचं दुःख मला व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही.

मुलीला काय लिहू ते सुचत नाही. तू वाचून दाखव, किंवा नको दाखवू. ममता ठेव असं म्हणायचा मला या वेळी हक्क नाही, तरी लिहिते.

तुळजाबाई


विश्रांतवाडी
२१ जानेवारी २०२५

ती. वन्सं यांस,
कौशल्याचा सा. न. वि. वि.

तार केल्यासारखं आधी सांगते. पात्र ठरली. आता सविस्तर.

तुमचं पत्र मी प्रियाला पूर्ण वाचून दाखवलं, बंबासकट. ती उठून गच्चीवर गेली आणि तासाभरानं खाली आली. म्हणाली, आत्यानं एवढं स्वतःच्या नावानं लिहिलं, मला तर अजून कॉलेजच्या मैत्रिणींना लिहिता आलं नसतं. रागावली आहे का असं मी विचारलं. म्हणाली, आहे, पण त्याला आत्ता वेळ नाही. तेव्हा तो राग तुम्हाला येणं आहे, तयारीत राहा. मलाही यांच्याबद्दल जे कळलं त्यानं दोन दिवस जेवण गेलं नाही. पण त्यावर पत्रात नको, समोरासमोर बोलू.

या वेळी तिच्याबरोबर मी आत गेले. एकालाच परवानगी होती. पॅनेल वेगळं, दोन बाया आणि एक गृहस्थ. आमची दोन्ही निवेदनं आणि शाळेचं पान इंग्रजी करून त्यांच्यापुढे होतं. गृहस्थांनी हिंदीत मला विचारलं की आईच मुलीचा आजार डॉक्टरांपासून लपवते, हे आम्ही कसं खरं मानायचं. मी म्हटलं, डॉक्टरांपासून नाही लपवलं. शेजाऱ्यांपासून, पाहुण्यांपासून, देवळातल्या पुजाऱ्यापासून लपवलं, आणि तुम्ही मध्ये आलात. ते गृहस्थ पुन्हा म्हणाले की हे आपोआप कसं घडेल, माणसाला आपला हात काय करतो ते कळतं. त्यावर त्यांच्यातल्याच डॉक्टरबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या की आपण कुठल्या घरात मुलगी म्हणून वाढला नाहीत, पुढचा प्रश्न विचारा.

मग तपासणी. प्रियाला पलंगावर बसवलं. त्या बाईंनी हात मागितला तेव्हा तिचा डावा हात निघालाच होता, उजव्याच्या खाली जायला. तिनं तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून बसली. उजवा एकटाच पुढे आला. मूठ वळलेली, मनगट आत. मी तो हात बावीस वर्षं बघते, पण परक्या माणसांपुढे तसा उघडा कधी पाहिला नव्हता. बाईंनी कोपर झटकन सरळ केलं, ते मध्येच अडकलं. पुन्हा केलं, पुन्हा अडकलं. मला उठून तो हात घ्यावासा वाटत होता. मी खुर्चीची कड धरून बसले. चालायला लावलं, धावायला लावलं, एका पायावर उड्या मारायला लावल्या. ती पडली. कुणी उचललं नाही, मीही नाही. ती आपली आपण उठली.

पाऊण तासानं बोलावून सांगितलं. पात्र. पण सदतीस नाही, अडतीस नंबरचा गट. म्हणजे हिच्यापेक्षा ज्यांना कमी त्रास आहे त्यांच्याबरोबर धावायचं. आणि वर्षानं पुन्हा तपासणी. वन्सं, मी त्या खोलीच्या बाहेर येऊन रडले, आणि मग मला माझाच संताप आला. पोटची पोर अपंग आहे असं परक्यांनी कबूल करावं म्हणून मी देवाला हात जोडले होते. आणि त्यांनी ते अर्धंच कबूल केलं. पुढच्या वर्षी पुन्हा जायचं, पुन्हा तो हात टेबलावर ठेवायचा. या देशात लंगडी म्हणवून घ्यायला काही लागत नाही, आणि लंगडी म्हणून धावायला दरवर्षी पुरावा. सर म्हणाले, जगभर असंच आहे ताई, नियम आहे. मी म्हटलं, नियम असू द्या, मला राग येऊ द्या.

शर्यत पंधरा तारखेला झाली. सात मुली. प्रिया सहावी आली. वेळ पंधरा पॉइंट एक. तिची आजवरची सगळ्यात चांगली, पण पंधराच्या आत नाही. पहिली आलेली मुलगी हिच्यापुढे चांगली आठ-नऊ पावलं होती. तिच्याकडे बघून मला वाटलं, हिला काय झालंय? आणि लगेच मी जीभ चावली. मलाही पॅनेल व्हायला किती वेळ लागला!

कुठल्याशा चॅनेलचा एक माणूस माईक घेऊन माझ्याकडे आला. तुमच्या मुलीनं परिस्थितीवर मात केली, सगळ्यांना प्रेरणा मिळेल असं काहीतरी बोला, म्हणाला. मी त्याला सांगितलं की माझी मुलगी सहावी आली आहे, प्रेरणा हवी असेल तर पहिली आली तिच्या आईला विचारा, ती तिकडे पिवळ्या साडीत बसली आहे. त्याला ते आवडलं नाही. कॅमेरा बंद करून गेला. श्रीनिवास सर इतके हसले की त्यांच्या हातून घड्याळ पडलं.

प्रिया मात्र हसली नाही. घरी आल्यापासून पाच दिवस झाले, कुणाशी धड बोलत नाही. सुरुवातीला उशीर झाला, मधल्या तीस मीटरला खांदे वर गेले, असं एकटीच पुटपुटते. परवा सरुबाई पेढे घेऊन वर आल्या, तर त्यांच्या तोंडावर सहाव्या नंबरचे पेढे नसतात म्हणाली. काल दुपारी मोरीत पाय धुताना हमसून हमसून रडली. मी दारात उभी राहिले. विचारलं, हात दुखतो का, कुणी काही बोललं का, पॅनेलचं मनात आहे का. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी काय वेड्यासारखं विचारते आहे. म्हणाली, आई, मी हरले.

एवढंच होतं. मी बाहेर येऊन मशीनवर बसले, दोरा ओवायला गेले आणि तो कितीतरी वेळ ओवता आला नाही. माझ्या घरात एक मुलगी शर्यत हरली म्हणून रडत होती, आणि त्याला दुसरं काहीही कारण नव्हतं.

मार्चमध्ये पुढची स्पर्धा पुण्यातच आहे. या. तिचा राग असेल, माझाही थोडा असेल, जेवायला गरम मिळेल.

आपली,
कौशल्या